फियाटचं दुसरं इंजिन

बन्सीलाल महाजनांनी आयुष्यात शेकडो गाड्या दुरुस्त केल्या, पण स्वतःसाठी चारचाकी कधी घेतली नाही. सुरतला डिंडोलीतल्या घरापुढे एक मोपेड असायची, तिच्यावर ते आणि सरलाबाई दोघं आरामात मावत. त्यामुळे अठवालाइन्सच्या कुमुदबेननी बोलावून घेऊन "बन्सी, फियाट तू घेऊन जा," असं सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, धुवायला न्यायची आहे.

"धुवायला नाही रे, कायमची," कुमुदबेन म्हणाल्या. "बंगला विकला. महिनाअखेरीला मी वडोदऱ्याला मुलीकडे जाते. तिच्याकडे एकाच गाडीची जागा आहे. भंगारवाल्याला द्यायची म्हटलं तर माझ्याच्यानं होणार नाही."

कुमुदबेन चौऱ्याऐंशीच्या. त्या गुजरातीत बोलायच्या आणि बन्सीलाल खानदेशी वळणाच्या गुजरातीत उत्तर द्यायचे. पंचेचाळीस वर्षं असंच चाललं होतं. त्यांचे यजमान डॉक्टर हसमुखभाई जाऊन तीन वर्षं झाली होती. गाडी बासष्ट सालची, राखाडी रंगाची. बन्सीलाल पंचविशीत पारोळ्याहून सुरतेत आले, तेव्हा ज्या गॅरेजात लागले तिथे ही गाडी यायची. पुढे त्यांनी स्वतःची शेड टाकली, तरी डॉक्टरांची गाडी त्यांच्याशिवाय कुणी उघडली नाही. कधी डॉक्टरांना लांब जायचं असलं की चालवायलाही तेच.

गाडी मिळणार हे ऐकून ते इतके गडबडले, की चहा तसाच ठेवून बाहेर आले आणि उगाच गाडीची काच पुसत उभे राहिले.

गाडी नावावर करायची तर कागदपत्रं आली. पालच्या आरटीओबाहेर गोपाल नावाचा एजंट बसतो. तो शिरपूरकडचा, ओळखीतला. बन्सीलाल गाडीच्या कप्प्यात कित्येक वर्षं पडलेली आरसी बुकाची पिवळी झेरॉक्स घेऊन त्याच्याकडे गेले.

गोपालनं ती उजेडाकडे धरून वाचली. "काका, गाडी कुमुदबेनच्या नावावर आहे."

"गाडी डॉक्टरांची आहे."

"असेल. कागदावर बेनची आहे. हे बघा, पहिल्यापासून."

बन्सीलालांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे येत. त्या कागदावरचे आकडे त्यांना पाठ होते, नाव मात्र कधी कुणाकडून वाचून घेतलं नव्हतं.

"बरंच झालं की," गोपाल म्हणाला. "बेन हयात आहेत, सही करतील. वारसदाराची भानगड नाही. आता गाडी पन्नास वर्षांच्या वरची, म्हणून जुन्या गाड्यांची जी वेगळी नोंदणी निघाली आहे तीत टाकू. इन्स्पेक्टर गाडी बघेल. त्याला दोन गोष्टी लागतात. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. दोन्हींवर कागद धरून पेन्सिलीनं ठसा काढून आणा. बुकाशी जुळले की झालं."

"आणि नाही जुळले तर?"

"नाही जुळले तर गाडी चोरीची की इंजिन चोरीचं, इथून सुरुवात. तुमची कशाला नाही जुळणार? एका घरातली गाडी."

 बन्सीलालांनी गोपालनं दिलेला पातळ कागद घडी न घालता, जपून घरी आणला.

सोमवारी सकाळी ते आणि सरलाबाई बंगल्यावर गेले. सरलाबाई मदतीला म्हणून आल्या, कारण बन्सीलालांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि डावा अजून बाकी होता. चेसिस नंबर बॉनेटच्या आत, केबिनकडच्या पत्र्यावर ठोकलेला असतो हे त्यांना ठाऊक होतं. पण तिथे नंबर दिसतच नव्हता. डॉक्टरांना रंगकामाची भारी हौस. दर दिवाळीला ब्रश घेऊन बसायचे आणि बाहेरून नाही, तर बॉनेटच्या आतून सगळं रंगवून काढायचे. बन्सीलाल म्हणायचे, साहेब, आतून कोण बघतंय? डॉक्टर म्हणायचे, माणसाला आतूनच बघायची मला सवय आहे. त्या सगळ्या दिवाळ्यांचे थर आता नंबरावर बसले होते.

कानस किंवा पॉलिश पेपर चालणार नव्हता. आकड्यांच्या कडा गेल्या असत्या तर नंबर खोडला असा संशय आला असता. बन्सीलालांनी रंग सोडवायचं औषध लावलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि चिंधीनं पुसलं. राखाडीखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली पुन्हा राखाडी. दोन तास असे गेले. शेवटी ते डोळा बारीक करून वाकले आणि म्हणाले, "काहीतरी आहे खरं. मला नाही दिसत."

"सरका," सरलाबाई म्हणाल्या.

सरलाबाईंनी पंचवीस वर्षं घरी बसून साड्यांवर खडे चिकटवण्याचं काम केलं होतं. एक खडा वाकडा बसला तर न बघता त्यांच्या बोटाला कळायचं. त्यांनी बांगड्या वर सरकवल्या, हात आत घातला आणि डोळे मिटून पत्र्यावरून बोट फिरवलं.

"एक... मंग शून्य. त्याना पुढे, थांबा..." घरात आणि आपसांत त्या अहिराणीच बोलत. "पोट बंद शे. सहा शे."

"सहा की आठ?"

"आठनं वरलं तोंड बंद ऱ्हास. याचं उघडं शे. मले आकडा शिकाडू नका."

बन्सीलालांनी झेरॉक्स बघितली. सहाच होता. असा एकेक आकडा करत सगळा नंबर जुळला. मग कागद लावून त्यांनी मऊ पेन्सिल आडवी फिरवली, तसा काळ्यात पांढरा नंबर उमटला. सरलाबाई तो कागद लांब धरून कौतुकानं बघत राहिल्या. "आते इंजिनना काढा," त्या म्हणाल्या.

"उद्या," बन्सीलाल म्हणाले. "आज डोळा दुखतोय."

मंगळवारी ते पुन्हा आले तेव्हा त्यांच्या पिशवीत पत्र्याची एक चपटी डबी होती. सरलाबाईंनी ती ओळखली. डबीत पोलादी ठसे असतात, शून्यापासून नऊपर्यंत. हातोडीनं ठोकले की लोखंडावर आकडा उमटतो. शेडमध्ये भाग सुटे करताना खुणेसाठी बन्सीलाल ते वापरायचे. आज सोबत कानसही होती.

त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनच्या बाजूला सपाट केलेल्या जागेवरचं तेल पुसलं, आणि शेजारच्या पायरीवर बसून राहिले. ना कागद काढला, ना पेन्सिल.

"कानस कसाले आणी?" सरलाबाईंनी विचारलं.

बन्सीलालांनी कानस पिशवीत परत टाकली. मग म्हणाले, "हे इंजिन या गाडीचं नाही."

"म्हणजे?"

"तुझ्या बहिणीचं लग्न आठवतं? नंदुरबारचं?"

सरलाबाईंना न आठवायला काय झालं. नव्वद सालचा उन्हाळा. डॉक्टर आणि कुमुदबेन दहा दिवसांसाठी द्वारकेला गेले होते आणि किल्ली बन्सीलालांकडे होती. सासुरवाडीत आपण नुसते मिस्त्री नाही हे एकदा दिसावं म्हणून ते डॉक्टरांची फियाट कुणालाही न विचारता लग्नाला घेऊन निघाले. मागे दोन मेहुणे आणि एक मावशी. सोनगढ गेल्यावर सरलाबाई म्हणाल्या होत्या, कसला तरी वास येतोय. मागे मेहुणे गाडीची तारीफ करत होते. थांबून बॉनेट उघडणं बन्सीलालांना कमीपणाचं वाटलं. "आलंच नवापूर," म्हणून त्यांनी रेटली. नवापूरच्या अलीकडे गाडी जी बसली ती बसलीच. पुढचा प्रवास सगळ्यांनी भाजीच्या ट्रकमधून केला, आणि मावशींनी तो लग्नात सगळ्यांना सांगितला.

"ते तर तुम्ही दुरुस्त करं ना?" सरलाबाई म्हणाल्या.

"इंजिनच्या ब्लॉकलाच तडा गेला होता. त्याला काय दुरुस्त करणार? उधन्याच्या भंगारवाल्याकडे मोडलेल्या टॅक्सीचं इंजिन होतं. त्याचा टेम्पो मी चालता करून दिला, त्यानं इंजिन दिलं. डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी बसवलं. त्यांना कळलं नाही. तुलाही सांगितलं नाही."

"आणि नंबर?"

"बुकात शेवटी चव्वेचाळीस एकाहत्तर. इथे एकोणतीस शून्य आठ." त्यांनी इंजिनकडे बोट केलं. "चार आकडे घासायचे आणि चार ठोकायचे. अर्ध्या तासाचं काम आहे. इन्स्पेक्टरला कळणारही नाही."

"मंग बसनात कसाले?"

बन्सीलालांनी डबीचं झाकण लावलं. "हात होत नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं त्या माणसाला सांगितलं नाही. आता वरून त्याच्या गाडीवर खोटा आकडा ठोकू?"

सरलाबाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मी तवयच सांगेल व्हतं, वास यी ऱ्हायना."

"सांगितलं होतंस."

"तुम्ही ऐकंच नही."

"नाही ऐकलं."

सरलाबाईंना हसू आलं, आणि ते बघून बन्सीलालांनाही थोडं आलं. मग सरलाबाईंनी पदरानं त्यांच्या कपाळावरचं तेल पुसलं आणि म्हणाल्या, "चला. बेनले सांगी द्या. गाडी गई ते गई."

कुमुदबेन आतल्या खोलीत खोक्यांच्या मध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या. अर्धं सामान बांधून झालं होतं. बन्सीलाल दारातच उभे राहिले. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. जे होतं ते त्यांनी सगळं सांगितलं: लग्न, सोनगढ, नवापूर, टेम्पो. मेहुण्यांचंही सांगितलं, कारण ते वगळलं तर गोष्ट आपल्या बाजूची होईल असं त्यांना वाटलं. "माझ्या हातून गाडी बिघडली आणि मी लपवलं," ते म्हणाले. "डॉक्टरसाहेब असेपर्यंत धीर झाला नाही. ही गाडी मला देऊ नका."

कुमुदबेननी सगळं ऐकून घेतलं. मग सरलाबाईंना म्हणाल्या, "ते हिरवं खोकं उघड गं. वरच कागदांची फाइल आहे."

फाइलमधून त्यांनी एक जाड, कोपरे मऊ पडलेलं पुस्तक काढलं. खरं आरसी बुक. बन्सीलालांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. डॉक्टरांना कागद हरवायची सवय होती, म्हणून कुमुदबेन ते कपाटात ठेवत आणि गाडीत पहिल्या पानाची झेरॉक्स असे. त्यांनी चष्मा लावला, मागची पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवून पुस्तक बन्सीलालांपुढे धरलं. तिथे निळ्या शाईत इंग्रजीत दोन ओळी होत्या, खाली सही आणि गोल शिक्का.

"आकडा वाच," त्या म्हणाल्या.

बन्सीलालांनी पुस्तक चांगल्या डोळ्यापाशी नेलं. शेवटचे चार आकडे एकोणतीस शून्य आठ होते.

"इंजिन बदलल्याची नोंद आहे ती. एक्याण्णव सालची," कुमुदबेन म्हणाल्या. "आता तरी बस."

बन्सीलाल एका खोक्यावर बसले.

"आम्ही द्वारकेहून आलो ना, तेव्हा पहिल्याच दिवशी मला कळलं. आधी इंजिन चालू ठेवून गाडी उभी असली की माझी मागची सीट थरथरायची. ती थरथर गेली. मी म्हटलं, बन्सीनं काहीतरी चांगलं केलं. डॉक्टरांचं लक्ष नव्हतं, त्यांना फक्त रंग दिसायचा. मग पुढच्या वर्षी उधना दरवाजाला ट्रकनं मागून ठोकलं, आठवतं? विम्याचा माणूस गाडी बघायला आला. डॉक्टर दवाखान्यात होते. तो म्हणाला, बेन, बुकात एक नंबर आहे आणि इंजिनवर दुसरा. मला म्हणे पोलिसांत कळवावं लागेल. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, पंधरा दिवस दे."

"तुम्ही साहेबांना नाही सांगितलं?"

"इंजिनवर पिवळ्या रंगाची खूण होती. तो विम्याचा माणूसच म्हणाला, ही उधन्याच्या भंगारवाल्याची. मी रिक्षा करून गेले. डोक्यावर पदर घेऊन त्या लोखंडाच्या ढिगाऱ्यात उभी राहिले. तो इतका घाबरला, की मला बसायला ट्रकची सीट आणून दिली. त्याच्याकडून इंजिनची पावती लिहून घेतली आणि आरटीओत गेले. गाडी माझ्या बापानं मला लग्नात दिलेली, माझ्या नावावर. डॉक्टरांच्या सहीची गरजच नव्हती. इन्स्पेक्टरनं घरी येऊन पेन्सिलीनं ठसा काढला, नोंद केली. झालं."

"पण का, बेन?" बन्सीलालांनी विचारलं.

"डॉक्टर तुला काढून टाकणार हे नक्की होतं. रागीट माणूस. नंतर पस्तावले असते, पण आधी काढलं असतं." कुमुदबेननी चष्मा काढून पुसला. "आणि मला दुपारी डुमस रोडला गाडी कोण शिकवत होतं? तेव्हा मला रिव्हर्स यायचं होतं अजून."

सरलाबाई आधी हसल्या. मग कुमुदबेन. बन्सीलालांनी पुस्तक मांडीवर धरून मान खाली घातली. त्यांना ती दुपारची शिकवणी आठवत होती. कुमुदबेन तेव्हा पन्नाशीच्या, गियर टाकताना ओठ घट्ट मिटायच्या. रिव्हर्स घेताना एकदा त्यांनी नारळपाण्याची हातगाडी पाडली होती, आणि तो नारळवाला पुढे कित्येक महिने फियाट दिसली की हातगाडी ढकलत लांब जायचा. एवढ्या दुपारी शेजारी बसूनही या बाईनं एका शब्दानं कळू दिलं नव्हतं.

"तुम्ही मला एकदा सांगायचं होतं," ते शेवटी म्हणाले. "मी इतकी वर्षं ते बॉनेट उघडताना..."

"हां. ती चूक झाली माझी," कुमुदबेन म्हणाल्या. "मला वाटलं तू विसरला असशील. तू असं मनात ठेवून बसला असशील हे माझ्या लक्षात आलं नाही. माफ कर, बन्सी."

 बन्सीलाल उठले, गाडीपाशी गेले आणि इंजिनवर कागद लावून पेन्सिल फिरवली. कागद सरकला आणि पहिला ठसा फिसकटला. दुसरा सरलाबाईंनी कागद दाबून धरल्यावर नीट आला.

अर्ज भरायला संध्याकाळी गोपाल बंगल्यावर आला. त्यानं दोन्ही ठसे बुकाशी ताडून बघितले आणि खूश झाला. "नवं नाव काय लिहू? बन्सीलाल..."

"सरलाबाई बन्सीलाल महाजन," बन्सीलाल म्हणाले.

सरलाबाईंनी दचकून बघितलं. "मन्हा नाववर कसाले? मले चालाडता बी येत नही."

"मलाही येत नव्हती," कुमुदबेन म्हणाल्या. "राहू दे तुझ्याच नावावर. हा गाडी सांभाळेल, तू कागद सांभाळ."

गोपालनं एकदा तिघांकडे बघितलं आणि लिहिलं. कुमुदबेननी विकणाऱ्याच्या जागी गुजरातीत सही केली, सरलाबाईंनी घेणाऱ्याच्या जागी मराठीत. सरलाबाईंची सही हळू होते. महाजनमधला जा त्या नेहमी मोठा काढतात. तो चौकटीबाहेर गेला, तरी गोपालनं अर्ज तसाच घेतला.

पुढच्या बुधवारी इन्स्पेक्टरनं गाडी बघितली. बॉनेट उघडून त्यानं बॅटरीच्या उजेडात दोन्ही नंबर वाचले आणि विचारलं, "मालक कोण?" बन्सीलाल बाजूला झाले. सरलाबाईंनी पदर सावरला आणि पुढे आल्या. त्यानं फोटो काढला. एवढंच.

महिनाअखेरीला वडोदऱ्याहून मुलगी मोठी गाडी घेऊन आली. कुमुदबेन निघाल्या तेव्हा बन्सीलालांनी खोकी उचलून डिकीत लावली आणि सरलाबाईंनी वाटेत खायला कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला. कुमुदबेननी ठेच्याचा वास घेतला आणि म्हणाल्या, "हा मला मारेल." पण डबा मांडीवरच ठेवला. फियाट अंगणात उभी होती, तिच्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत बन्सीलाल हात जोडून उभे होते.

नव्या नोंदणीचं कार्ड टपालानं यायला तीन आठवडे लागले. त्या दुपारी बन्सीलाल शेडमध्ये फियाटचं कार्बोरेटर सोडवून बसले होते. सरलाबाईंनी पाकीट उघडलं, कार्ड उलटसुलट केलं आणि आधी वडोदऱ्याला फोन लावला.

"बेन, आलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही वही घ्या. मी इंजिनचा नंबर सांगते, तुम्ही बरोबर आहे का बघा. मला या सरकारी लोकांचा भरवसा नाही."

तिकडून कुमुदबेननी चष्मा शोधला, वही शोधली. सरलाबाई एकेक आकडा मराठीत वाचत होत्या आणि कुमुदबेन तो गुजरातीत म्हणून लिहून घेत होत्या. दोन. बे. नऊ. नव. शून्य. शून्य. आठ. आठ.

"बराबर छे," कुमुदबेन म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ठेच्यात लसूण भाजून घालतेस की कच्चा, आणि पुढचा अर्धा तास दोघी त्याच्यावरच बोलत बसल्या.